करंट थांबला, पण हवा सावरली का?

दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागायतदाराचा फोन आला, तेव्हा मी अंबडला एका पॅनलच्या टेस्टिंगवर होतो. "दादा, सोलरचा स्विच पाडलाय. दांडी खाली आहे, पण आत निळं जळतंय. तळल्यासारखा चरचर आवाज येतोय."

मी म्हटलं, "अण्णा, डब्याला हात लावू नका. आधी पॅनल झाका. ताडपत्री, गोणपाट, घोंगडी, जे सापडेल ते. अर्धे नाही, सगळे."

दहा-बारा मिनिटांनी पुन्हा फोन. सगळे पॅनल झाकले, मगच चरचर थांबली. तासाभराने अण्णांनी ताडपत्रीचं एक टोक जरा उचलून पाहिलं (सांगितलेलं न ऐकण्याचा शेतकऱ्याचा हक्क मला मान्य आहे) तर डब्यातून पुन्हा ठिणगी. स्विच तर बंदच होता.

हा लेख त्या दुसऱ्या ठिणगीवर आहे. पहिलीचं कारण लोकांना थोडंफार माहीत असतं. तासभर थंड झालेल्या, बंद असलेल्या स्विचमधून पुन्हा वीज का गेली, ते फारसं कोणी सांगत नाही.

आधी काय घडलं ते. पाच हॉर्सपॉवरचा पंप, पंधरा पॅनल एका माळेत. एका पॅनलचं उघडं (काही न जोडता मोजलेलं) व्होल्टेज ४६ धरलं तर माळेचं झालं ६९०. उंदरांनी कंट्रोलरकडे जाणारी केबल कुरतडली आणि प्लस-मायनस एकमेकांना चिकटले. घरात असं झालं की एमसीबी फटकन पडतो. सोलरमध्ये पडत नाही, कारण पॅनलचा शॉर्टसर्किट करंट रोजच्या करंटपेक्षा जेमतेम थोडा जास्त असतो. रोज साडेआठ अँपियर, शॉर्ट झाल्यावर नऊच्या आसपास. एमसीबीला वाटतं, सगळं ठीक चाललंय. म्हणून अण्णांनी हाताने पाडला. आणि तो एमसीबी घरगुती एसी विजेचा होता, म्हणजे दिशा सतत उलटसुलट करणाऱ्या विजेचा; सोलरची वीज डीसी, एकाच दिशेने वाहणारी. मूळचा आयसोलेटर (माळ तोडून वेगळी करायचा डीसी स्विच) पावसात खराब झाल्यावर कोणीतरी "दोन पोलचा आहे, चालतो" म्हणून लावून दिलेला.

कोणताही स्विच उघडताना काँटॅक्ट (एकमेकांना टेकणारी धातूची टोकं) एकदम दूर होत नाहीत. सुटायच्या आधी दाब कमी होत जातो, टेकलेला भाग आक्रसत जातो आणि अगदी शेवटी सुईच्या टोकाएवढ्या एकाच ठिपक्यातून सगळा करंट जायला लागतो. तो ठिपका वितळतो. धातूचा एक इवलासा पूल ताणला जातो, तुटतो, त्याची वाफ होते. त्याच वाफेत आर्क पेटतो, म्हणजे मोकळ्या जागेतून सलग वाहणारी विजेची ज्योत. चांदीच्या काँटॅक्टला त्यासाठी साधारण १२ व्होल्ट आणि ०.४ अँपियर पुरतात. त्याहून जास्त काही तोडायचं असेल तर आर्क होणारच. चांगल्या स्विचमध्येही होतो. तो होऊ द्यायचा आणि मग मारायचा, हेच स्विचचं काम.

एसीमध्ये मारायला निसर्गाची मदत असते. आपल्याकडच्या ५० हर्ट्झमध्ये करंट सेकंदाला शंभर वेळा आपणहून शून्यावर येतो, म्हणजे दर दहा मिलिसेकंदांनी एकदा. त्या क्षणी आर्कला खाणंपिणं बंद. डीसीत ही सोय नाही. करंटला शून्यावर ढकलत न्यावं लागतं आणि त्याला एकच उपाय आहे: आर्कचं स्वतःचं व्होल्टेज सप्लायपेक्षा जास्त करणं. आर्कला जगायलाच ७०० व्होल्ट लागायला लागले आणि माळेत ६९० च असले, तर करंट घटत घटत संपतो.

अण्णांच्या एमसीबीत हे झालं नाही. काँटॅक्टमधल्या मोकळ्या जागेतला आर्क फार तर ५० व्होल्ट खातो. ६९० मधले ५० गेले तरी सोलर पॅनलला फरक पडत नाही, तो तोच नऊ अँपियर रेटत राहतो. नऊ गुणिले पन्नास, साडेचारशे वॅट. अर्ध्या इस्त्रीची उष्णता काडेपेटीएवढ्या प्लास्टिकच्या डब्यात कोंडून ठेवली तर जे होईल, ते झालं.

एमसीबीच्या आत लोखंडी प्लेटांची एक चळत असते, आर्क शूट म्हणतात तिला. आर्क तिच्यात शिरला की त्याचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा जगण्यासाठी साधारण २० व्होल्ट मागतो. बारा-तेरा प्लेटा म्हणजे अडीचशेच्या आसपास, दोन पोल मिळून पाचशे. म्हणजे अण्णांच्या ६९० ला तशीही कमीच. पण इथे आणखी गंमत अशी की आर्क त्या प्लेटांपर्यंत पोचलाच नाही. आर्कला शूटमध्ये ढकलतं ते त्याच्याच करंटचं चुंबकीय बळ. हजार अँपियर असले की तो धावत जातो. नऊ अँपियरमध्ये तो धक्का इतका लुळा असतो की आर्क काँटॅक्टवरच बसून राहतो. मोठा करंट लीलया तोडणारा स्विच छोट्या करंटवर अडकतो, हे ऐकायला उफराटं वाटतं. पण डीसीत हा ओळखीचा आजार आहे. त्या अडचणीच्या करंटला क्रिटिकल करंट म्हणतात आणि डीसीच्या स्विचची त्यावर वेगळी चाचणी घेतात.

आता मुद्द्यावर येतो. समजा आर्क विझला. करंट शून्य. पुढे काय?

गोदेला पूर आला की नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे बघतात. पाणी मारुतीच्या कमरेपर्यंत, छातीपर्यंत, त्यावरून पुराचं माप. पाणी उतरलं की लोक म्हणतात, पूर ओसरला. पण म्हणून रामकुंडावर लगेच चप्पल घालून चालता येतं का? घाटावर वीतभर गाळ असतो, पायऱ्या निसरड्या असतात, टपऱ्यांचे सांगाडे आडवे पडलेले असतात. पाणी जाणं एक आणि घाट पूर्ववत होणं वेगळं. स्विचमध्ये करंट शून्य झाला म्हणजे पाणी उतरलं. काँटॅक्टमधल्या जागेने पुन्हा व्होल्टेज अडवून धरणं, म्हणजे घाट धुऊन वापरण्याजोगा होणं. ह्यालाच इन्सुलेशन परत येणं म्हणायचं, आणि ते टप्प्याटप्प्याने येतं.

आर्कच्या गाभ्यात हवा सहज दहा हजार अंशांच्या घरात असते. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजारांचा, त्यावरून कल्पना करा. इतक्या तापमानात हवेचे रेणू फुटतात, अणूंमधले इलेक्ट्रॉन मोकळे सुटतात आणि हवा तारेसारखी वीज वाहते. करंट थांबला की हे मोकळे इलेक्ट्रॉन घरी परततात: काही आयनांना (इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूंना) चिकटतात, काही ऑक्सिजनला, काही भिंतीवर जाऊन संपतात. हे काम फार जलद, मायक्रोसेकंदांच्या हिशेबात. पण पूर्ण होईपर्यंत थोडा करंट झिरपत राहतो. तो झिरपता करंट जागा पुन्हा तापवतो, आजूबाजूच्या प्लेटा आणि भिंती तिला थंड करतात. तापवणारा जिंकला तर आर्क पुन्हा पेटतो. थंड करणारा जिंकला तर पहिला टप्पा पार.

हवा चारेक हजार अंशांखाली उतरली की तिचं वीज वाहणं जवळजवळ संपतं. जवळजवळ म्हणालो, कारण तिथे नुसती हवा नसते. काँटॅक्टच्या तांब्या-चांदीची वाफ मिसळलेली असते. नायट्रोजनच्या अणूतून इलेक्ट्रॉन काढायला साडेचौदा इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, तांब्या-चांदीच्या अणूतून साडेसात-पावणेआठ. म्हणजे निम्म्या किमतीत. त्यामुळे धातूची वाफ असलेली हवा बऱ्याच कमी तापमानालाही वीज सोडत राहते. म्हणून चांगल्या स्विचच्या काँटॅक्टमध्ये चांदीबरोबर टिन ऑक्साइड किंवा टंगस्टन घालतात, जेणेकरून धातू कमी उडावा.

बरं, इलेक्ट्रॉन गेले, वाफही निवली. तरी हवा गरम आहेच. आणि गरम हवा विरळ असते. फ्रेडरिक पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ साली दाखवून दिलं की हवेची जागा किती व्होल्टेज धरते, ते नुसत्या अंतरावर ठरत नाही; अंतर गुणिले दाब, यावर ठरतं. खरं तर मध्ये किती रेणू आहेत त्यावर. थंड हवा मिलिमीटरला साधारण ३००० व्होल्ट धरते, हे आपण पाठ केलेलं असतं. पण आर्कनंतर तीच हवा ३००० केल्व्हिनवर असेल, तर नेहमीच्या ३०० च्या दहापट गरम, म्हणून दहापट विरळ. तीन मिलिमीटर उघडलेला काँटॅक्ट त्या क्षणी ०.३ मिलिमीटर उघडल्यासारखा वागतो. डोळ्याला अंतर तीन दिसतं, विजेला ०.३ दिसतं. ही उष्णता जायला मिलिसेकंद लागतात, इलेक्ट्रॉनपेक्षा कितीतरी जास्त वेळ. डबा छोटा, बंद आणि तापलेला असेल तर आणखी.

पाशेनच्या नियमात कमी व्होल्टेजवाल्यांसाठी एक दिलासाही आहे. थंड हवेत अंतर कितीही असलं तरी सुमारे ३३० व्होल्टच्या खाली ती फुटत नाही. म्हणून २४ किंवा ४८ व्होल्टच्या बॅटरीत आर्क एकदा विझला आणि जागा निवली की तो आपोआप परत येण्याची धास्ती नाही. तिथे फक्त विझेपर्यंतचीच लढाई. सोलरच्या सहाशे-हजार व्होल्टवर मात्र विझल्यानंतरचीही लढाई लढावी लागते. त्यात निफाडची थंडी. पॅनल जितका थंड तितकं त्याचं व्होल्टेज जास्त, अंशाला साधारण ०.३ टक्के. २५ अंशांवर ६९० असलेली माळ जानेवारीतल्या ५ अंशांच्या पहाटे, ऊन डोंगराआडून येता येता, ७३० च्या घरात जाते. द्राक्षाला थंडीची काळजी असते, तशी आयसोलेटरलाही असावी.

या सगळ्याला शर्यत म्हणून पाहायची दृष्टी वेस्टिंगहाउस कंपनीतल्या जोसेफ स्लेपियन यांनी १९२८ मध्ये दिली. एकीकडे काँटॅक्टमधल्या जागेची ताकद वाढतेय, दुसरीकडे तिच्यावर येणारं व्होल्टेज वाढतंय. ताकद कायम पुढे राहिली तर स्विच जिंकला. एका क्षणापुरतंही व्होल्टेज पुढे गेलं तर पुन्हा आर्क. स्लेपियन एसीबद्दल बोलत होते, आणि एसीत ह्या शर्यतीत स्विचला एक सवलत मिळते जी डीसीत नाही. शून्यानंतर एसीची दिशा उलटते. आतापर्यंत ज्या टोकातून इलेक्ट्रॉन निघत होते ते तापलेलं टोक आता प्लस झालं, आणि ज्याने आता इलेक्ट्रॉन द्यायचे ते टोक त्या कामाला तयार नसतं. त्यामुळे शून्याच्या क्षणीच प्रत्येक फटीला दीड-दोनशे व्होल्टची ताकद फुकटात मिळते. प्लेटा जास्त, तितकी ही भेट जास्त. डीसीत दिशा बदलत नाही. कालचा मायनस आजही मायनस, आणि त्याच्यावरचा लाल ठिपका अजून धगधगतोय. शिवाय एसीचं व्होल्टेज वरखाली होतं, मध्ये मध्ये दम खाऊ देतं. डीसी एकदा छातीवर बसलं की बसलं.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण दीड हजार व्होल्टपर्यंतच्या डीसी स्विचमध्ये बहुतेक वेळा घोळ इथेच होतो. आर्क पूर्ण विझल्यानंतर नाही, विझता विझता. समजा आर्क छान धावत शूटमध्ये गेला, प्लेटांनी त्याचे तुकडे केले, व्होल्टेज चढलं. हे चढलेलं व्होल्टेज कुणावर पडतं? मागे राहिलेल्या काँटॅक्टच्या जागेवरही तेच पडतं, कारण दोन्ही समांतर आहेत. तिथून आर्क जाऊन एक-दोन मिलिसेकंदच झालेत. हवा अजून गरम, विरळ, धातूच्या वाफेने भरलेली. शूटमध्ये व्होल्टेज चढवायला जावं आणि मागच्या दाराने आर्क पुन्हा काँटॅक्टवर उतरावा, असं होतं. व्होल्टेज धाडकन पन्नासवर येतं, आर्क पुन्हा धावत वर जातो, पुन्हा परततो. ऑसिलोस्कोपवर (व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर) ही चढउतार करवतीच्या दातांसारखी दिसते. प्रत्येक दात म्हणजे आणखी उष्णता, आणखी वाफ. म्हणून शूटमध्ये प्लेटा वाढवणं एवढ्यानेच काम होत नाही. काँटॅक्टच्या जागेवरून गरम वायू लवकर बाहेर काढणं तितकंच महत्त्वाचं. डब्याला वायू जायला वाट हवी, भिंती जवळ हव्यात. काही डिझाइनमध्ये शेजारी नायलॉनसारखं प्लास्टिक ठेवतात. आर्कच्या झळेने त्याचा पातळ थर उडतो, त्यातून हायड्रोजन निघतो, आणि हायड्रोजन उष्णता फार चटकन वाहून नेतो.

छोट्या करंटला धक्का द्यायला डीसी स्विचमध्ये कायमचं चुंबकही बसवतात. पण चुंबकाचा धक्का करंटच्या दिशेवर ठरतो. काही डीसी एमसीबीवर प्लस-मायनसच्या खुणा असतात त्या ह्यासाठी. तारा उलट जोडल्या तर चुंबक आर्कला शूटकडे न नेता नेमका उलट, यंत्रणेच्या पोटात ढकलतं. वायरमन मंडळींना मी हे डोकं खाऊन सांगतो. दोन स्क्रूंची अदलाबदल, पण परिणाम जळका डबा.

आपल्या जिल्ह्याला डीसीचा हा त्रास नवा नाही. मुंबईत १९२५ साली पहिली विजेची आगगाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर, आणि पुढे कित्येक दशकं ते डीसी घाट चढून इगतपुरीपर्यंत येत होतं. तिथून पुढे २५ हजार व्होल्ट एसी. १५०० व्होल्ट हीच आज लो-व्होल्टेज डीसीची वरची मर्यादा मानली जाते. त्या जुन्या इंजिनांच्या काँटॅक्टरवरचे (मोठ्या स्विचवरचे) आर्क शूट टोपलीएवढे असत. दीड हजार व्होल्ट तोडायला आणि तोडल्यावर हवा सावरायला तेवढी जागा लागत होती. आज तेवढंच व्होल्टेज आपण तळहातावर मावणाऱ्या डब्यात तोडायला बघतो.

हल्ली हायब्रिड स्विच येतायत. काँटॅक्ट उघडताच करंट शेजारच्या आयजीबीटीकडे (काँटॅक्ट नसलेल्या इलेक्ट्रॉनिक स्विचकडे) वळवतात, त्यामुळे काँटॅक्टवर आर्क क्षणभरच. पण आयजीबीटी लगेच बंद करत नाहीत. काँटॅक्टची जागा सावरेपर्यंत तो करंट वाहत ठेवतो, आणि मगच तोडतो. किती वेळ थांबायचं हे ठरवणं म्हणजेच इन्सुलेशन किती वेळात परत येतं हे मोजणं.

अण्णांचा एमसीबी दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर आला. रिव्हेट फोडून उघडला. काँटॅक्टचं चांदीचं टिकलं एका बाजूला पूर्ण गेलेलं, खालच्या तांब्यात खड्डा. शूटच्या प्लेटा मात्र नव्यासारख्या चकचकीत, आर्क तिथे गेलाच नव्हता. डब्याच्या आतल्या भिंतीवर काळा मखमली थर, आणि त्यात टॉर्च धरल्यावर लुकलुकणारे मोहरीहून बारीक तांब्याचे मणी. वरच्या टर्मिनलपासून खालच्या टर्मिनलपर्यंत काजळीची एक सलग वाट गेलेली. ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावला. स्विच बंद, काँटॅक्ट दूर. काटा मेगओहममध्ये, म्हणजे दहा लाख ओहमच्या पुढे, थांबायला हवा होता. काही किलोओहममध्ये, म्हणजे हजारांतच, आडवा झाला.

दुसरी ठिणगी तिथून आली. तासाभरात हवा केव्हाच सावरली होती. इलेक्ट्रॉन गेले, वाफ गेली, उष्णता गेली. भिंत सावरली नव्हती, आणि सावरणारही नव्हती. वाफ थंड झाली की ती कुठेतरी बसणारच, आणि जळालेल्या प्लास्टिकचा कार्बन जिथल्या तिथे राहतो. पुराचं पाणी वाहून जातं, गाळ वाहून जात नाही, कोणीतरी फावड्याने काढावा लागतो.

म्हणूनच स्विचची खरी परीक्षा शॉर्टसर्किट तोडून झाल्यावर सुरू होते. आपल्याकडे लागू असलेल्या आयएस/आयईसी ६०९४७ या मानकांच्या मालिकेत ब्रेकर एकदा तोडतो, तीन मिनिटं थांबतात, मग तो शॉर्टवर लावून पुन्हा तोडायला लावतात. एवढं झाल्यावर त्याच दमलेल्या ब्रेकरवर कामाच्या व्होल्टेजच्या दुप्पट, किमान १००० व्होल्ट, लावून बघतात. आयसोलेटर म्हणून वापरायचा असेल तर उघड्या काँटॅक्टमधून गळणारा करंट मोजतात. नव्या स्विचला पोलमागे अर्धा मिलिअँपियर चालतो, परीक्षेनंतर दोन. पंप दुरुस्त करणारा माणूस "बंद आहे" असं समजून तारेला हात लावतो तो ह्या दोन मिलिअँपियरच्या भरवशावर.

अण्णांनी डबा हातात घेऊन वास घेतला, नाक मुरडलं. "दादा, पॉलिश पेपर मारून, रॉकेलने पुसून पुन्हा नाही बसवता येणार? तीनशेचा आहे."

मी त्यांच्यासमोर कपड्याने भिंत पुसली. काळं कपड्यावर आलं, भिंत करडी झाली. पुन्हा मेगर लावला. काटा बोटभर हलला आणि थांबला. कार्बन वर बसलेला नव्हता, प्लास्टिकच स्वतः कार्बन झालं होतं. अण्णा काट्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "उंदरांचं पण बघावं लागेल."